शनिवारचा पोहण्याचा वर्ग बंद करू नका: आपल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

माननीय अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी संध्याकाळी तुमची ईमेल आली. वर दिवाळीच्या तिकिटांची माहिती, मग वर्गणीची आठवण, आणि सगळ्यात खाली चार ओळी: शनिवारचा प्रौढांचा पोहण्याचा वर्ग आणि महिन्यातून एकदा होणारी रविवारची भटकंती उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर बंद. कारणं तीन दिली आहेत. उपस्थिती कमी आहे. काही झालं तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न आहे. आणि मंडळाचं मूळ काम मराठी संस्कृती जपण्याचं आहे, पोहायला शिकवण्याचं नाही.

फोन उचलून बोलता आलं असतं. अध्यक्षकाकांना मी घरच्यासारखी ओळखते, आणि सचिवताईंच्या ओट्याशी उभी राहून मी दर गणपतीला मोदक वळले आहेत. पण हे चार जणांत बोलून मिटवण्यासारखं नाही. या निर्णयाचा फटका ज्यांना बसणार आहे, त्यातली बरीच माणसं अजून जर्मनीत आलेलीसुद्धा नाहीत. ऑक्टोबरात विद्यापीठं सुरू होतील तेव्हा ती उतरतील, पुढच्या जूनमध्ये पहिल्यांदा उकाडा सोसतील आणि कोणाच्या तरी मागून तळ्यावर जातील. त्यांच्या वतीने आज बोलायला कोणी नाही, म्हणून उघड लिहिते आहे.

आधी माझा यात काय संबंध, ते सांगते.

मी २०१८ च्या मार्चमध्ये इथे आले. नवऱ्याची नोकरी, चार वर्षांचा मुलगा, चार बॅगा आणि त्यातल्या एकीत टॉवेलात गुंडाळलेला कुकर. पहिल्या वर्षात मला सगळ्यात जड जायचा तो रविवार. दुकानं बंद, रस्ता रिकामा. एकदा काचेच्या बाटल्या टाकायला खाली गेले, तर समोरच्या आजींनी खिडकीतून हात हलवून मला परत पाठवलं. आज आवाज करायचा नसतो, उद्या टाक. मी बाटल्यांची पिशवी घेऊन तीन मजले पुन्हा वर चढले आणि खिडकीशी बसून राहिले. तिकडे आईकडे तेव्हा दुपारची जेवणं आटोपून सगळे आडवे झालेले असायचे, फोन तरी कोणाला करणार?

पुढे भाषेच्या वर्गात कळलं की हा रविवार नुसता रिवाज नाही, तो घटनेत आहे. १९१९ च्या वायमार घटनेतलं कलम १३९ आजच्या जर्मन घटनेने १४० व्या कलमातून जसंच्या तसं उचललं, आणि त्यात रविवार हा कामातून विसाव्याचा आणि मनाच्या उभारीचा दिवस म्हणून राखून ठेवला आहे. मनाची उभारी! हे शब्द मला फार आवडले, अजून आवडतात. मग मी बघायला लागले, की हा राखून ठेवलेला दिवस ही माणसं घालवतात कशी.

ती चालतात. सायकली काढतात. आणि ऊन पडलं की पाण्यात जातात, अगदी सगळी. घरांना पंखे नाहीत, एसी नाहीत, पारा पस्तिशीला टेकला की भिंती रात्रीसुद्धा तापलेल्या राहतात. मग शाळेतली पोरं, ऑफिसातले साहेब, ऐंशीच्या आजी, सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द: झे. (हा शब्द पुल्लिंगी वापरला तर तळं आणि स्त्रीलिंगी वापरला तर समुद्र. माझी पहिल्या उन्हाळ्यातली अर्धी संभाषणं यात अडकली. सहकारीण म्हणाली, कामानंतर झेवर जाऊ, तेव्हा मला वाटलं ही मला चार तास लांबच्या समुद्रावर नेणार.) तिथे चादर अंथरायची, कलिंगड कापायचं, वाचायचं, आणि मध्येच उठून, बोलता बोलता, पाण्यात शिरून पलीकडच्या काठाला जाऊन यायचं. आपण शेजारी जाऊन साखर मागून यावं इतक्या सहज.

मी काठावर बसायचे. सगळ्यांचे कपडे, चष्मे, किल्ल्या माझ्याजवळ.

ही जागा माझ्या ओळखीची होती. माझं बालपण कृष्णाकाठचं. मे महिन्यात आमच्या मळ्यातल्या विहिरीवर पोरांच्या पाठीला डबा नाहीतर वाळका भोपळा बांधायचे आणि काका त्यांना वरून ढकलून द्यायचे. आठ दिवसांत डबा सुटायचा. माझे दोन्ही भाऊ असेच शिकले. मी आणि माझ्या चुलत बहिणी काठावर कपडे सांभाळायला. कोणी आम्हाला नको म्हटलं असंही नाही, आम्हाला डबा बांधावा हे कोणाच्या मनातच आलं नाही. मंडळातल्या बायकांना विचारा, दहातल्या आठ जणी तुम्हाला हीच गोष्ट सांगतील, फक्त विहिरीऐवजी कोणाचा ओढा असेल, कोणाचा तलाव. शहरात वाढलेल्या मुलग्यांचीही तीच गत. ट्यूशन झाली, कॉम्प्युटर झाला, पोहणं राहिलं.

मुलगा पहिलीत असताना त्याला एका वाढदिवसाचं आमंत्रण आलं. रंगीत कागदावर पोहण्याच्या तलावाचा पत्ता, वेळ, आणि खाली एक प्रश्न: झेपफेर्डशेन आहे का? हो किंवा नाही वर खूण करायची. झेपफेर्डशेन म्हणजे समुद्रघोडा. नारिंगी कापडी बिल्ला असतो, आया तो पोरांच्या पोहायच्या चड्डीवर शिवतात. काठावरून उडी मारायची, २५ मीटर पोहायचं, खांद्याइतक्या पाण्यात बुडी मारून तळाची वस्तू हाताने वर आणायची, आणि पाण्याचे नियम सांगायचे. मी ‘नाही’ वर खूण केली. त्या घरच्या आईचा फोन आला, फार मायेने म्हणाली, हरकत नाही, तू पण ये आणि त्याच्यासोबत पाण्यात राहा. मला तिला सांगावं लागलं की मलाही येत नाही. पलीकडे क्षणभर कोणी बोललं नाही. मुलगा त्या वाढदिवसाला गेला नाही.

त्याला मी लगेच वर्गात घातलं, वर्षभर थांबावं लागलं तरी. माझ्यासाठी मात्र वर्ग सापडेना. जे होते ते मोठ्या तलावात, मिश्र, आणि भरभर जर्मनमध्ये. शिवाय सामायिक न्हाणीघरात कपडे काढून अंघोळ करूनच पाण्यात उतरायचं, हा इथला बहुतेक ठिकाणचा रिवाज. त्यात वावगं काही नाही, पण सदतीस वर्षांच्या सवयी एका दुपारी उतरत नाहीत.

आणि मग २०२२ च्या शरद ऋतूत मंडळाने शनिवारचा वर्ग काढला. त्या वेळच्या कार्यकारिणीला मी अजून दुवा देते. नगरपालिकेच्या शाळेतला शिकवण्यासाठीचा छोटा तलाव, जेमतेम छातीपर्यंत पाणी, संध्याकाळी सहा ते सात. पहिल्या शनिवारी आम्ही नऊ जण होतो. सगळ्यात लहान बावीस वर्षांचा विद्यार्थी, सगळ्यात मोठ्या काकू एकसष्ट वर्षांच्या, सुनेच्या बाळंतपणाला आलेल्या. शिकवायला साठी ओलांडलेल्या एक जर्मन बाई, जीवरक्षकाचा चंदेरी बिल्ला असलेल्या. पहिले तीन शनिवार त्यांनी आम्हाला पोहू दिलंच नाही. तोंड पाण्यात घाला आणि श्वास सोडा, एवढंच. बुडबुडे, नुसते बुडबुडे. त्या आमच्याकडून ‘सोड’ हा शब्द शिकल्या आणि तलावभर त्यांचा आवाज घुमायचा: सोड, सोड, सोड! पोहताना माणूस हात-पाय कमी पडल्याने घाबरत नाही, श्वास कोंडून धरल्याने घाबरतो, हे मला तिथे कळलं.

मग पाठीवर तरंगणं. त्याला जर्मनमध्ये ‘मेलेला माणूस’ म्हणतात. काकूंना हे नाव अजिबात चाललं नाही. त्या म्हणाल्या, सून बाळंतीण आहे, मी असलं काही करणार नाही. मग त्यांनीच नाव दिलं, शेषशायी. आमच्या वर्गात आजही शेषशायीच म्हणतात, आणि बाईसुद्धा ते नाव घेतात, त्यांच्या उच्चारात. चौथ्या शनिवारी काकू तरंगल्या. डोळे मिटलेले, हात पसरलेले, कपाळावर टिकली तशीच. त्या वेळी तलावात कोणीही बोलत नव्हतं.

२०२३ मध्ये मला नारिंगी बिल्ला मिळाला आणि पुढच्या वर्षी ब्राँझ. ब्राँझला पंधरा मिनिटांत किमान २०० मीटर पोहावं लागतं, दोन मीटर खोलीवरून वस्तू आणावी लागते, एक मीटरवरून उडी घ्यावी लागते. इथली जीवरक्षक संस्था, डीएलआरजी, ब्राँझ मिळालेल्यालाच खात्रीचा पोहणारा मानते. म्हणजे समुद्रघोड्यावर थांबून चालत नाही, आणि म्हणूनच वर्ग एका हंगामाचा असून भागत नाही. तो सलग लागतो.

आता तुमच्या कारणांकडे येते.

उपस्थिती कमी, असं तुम्ही म्हणता. वर्गात बारा जागा आहेत. बाई एकट्या, छोटा तलाव, नवखे लोक; बारांहून जास्त माणसं पाण्यात सोडायला त्या तयार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. दिवाळीला साडेतीनशे येतात आणि शनिवारी बारा, ही तुलना कशी होईल? आमच्याकडे आज एकोणीस जणांची प्रतीक्षायादी आहे. ती यादी मी स्वतः ठेवते, एप्रिलमध्ये सचिवताईंना पाठवलीही होती. निर्णयाच्या बैठकीत ती कोणी वाचली का, एवढं मला कळायला हवं. खर्चाबद्दल ईमेलमध्ये काही नाही, तरी सांगून ठेवते: तलावाचं वर्षभराचं भाडं दिवाळीच्या एका संध्याकाळच्या सभागृहाहून कमी आहे, आणि त्यातला निम्मा वाटा आम्ही शिकणारेच भरतो.

दुसरं कारण जबाबदारीचं. ही भीती मला समजते. तुम्ही सगळे नोकऱ्या, मुलं सांभाळून बिनपगारी हे काम करता, आणि कोणाचं काही बरंवाईट झालं तर आपल्यावर येईल या विचाराने झोप उडू शकते. पण मग नीट तपासून घ्या. जर्मन दिवाणी संहितेचं कलम ३१अ नेमकं तुमच्यासारख्यांसाठी आहे: मानद काम करणाऱ्या पदाधिकाऱ्याच्या हातून मंडळाचं किंवा सभासदाचं नुकसान झालं, तर मुद्दाम केलेली चूक किंवा घोर निष्काळजीपणा असेल तेव्हाच त्याला जबाबदार धरता येतं. आपल्याकडे प्रशिक्षित जीवरक्षक पाण्याशेजारी उभी असते. पाणी छातीपर्यंत आहे. इतक्या देखरेखीखाली मराठी माणूस आठवड्यातून फक्त एक तास पाण्यात असतो. बाकीच्या वेळी तो पाण्याजवळ जातो तेव्हा त्याच्याजवळ कोणीच नसतं. वर्ग बंद केल्याने धोका कमी होत नाही, तो फक्त मंडळाच्या कागदावरून जातो.

इथे मला गेल्या जुलैबद्दल लिहायलाच हवं. तुमच्यातल्या दोघांना ही घटना माहीत आहे, तरी ईमेलमध्ये तिचा उल्लेख नव्हता. आपल्या मंडळात नुकताच आलेला एक विद्यार्थी, तेवीस वर्षांचा, मित्रांसोबत खाणीच्या तळ्यावर गेला. ही तळी वाळू-खडी उपसून झालेली असतात. आपल्या नदीसारखा उतार त्यांना नसतो, काठापासून चार पावलांवर जमीन एकदम तुटते. वरचं पाणी कोमट लागतं आणि खाली दोन-तीन मीटरवर अंग आखडेल इतकं गार. तो कमरेपर्यंत पाण्यात उभा राहून फोटो काढत होता. एक पाऊल मागे गेला आणि दिसेनासा झाला. बरोबरच्या तिघांनाही पोहता येत नव्हतं. शेजारून पोहत जाणाऱ्या एका बाईने त्याला केसांना धरून वर काढलं. दोन दिवस दवाखान्यात होता, वाचला. काठावर पाटी होती: बाडेन फरबोटेन, लेबेन्सगेफार. पोहण्यास मनाई, जिवाला धोका. जर्मनीत येऊन त्याला सहा आठवडे झाले होते, आणि त्याला ती पाटी वाहनतळाची वाटली.

तो आमच्या प्रतीक्षायादीत सातवा होता.

त्याच्या आईचा मला फोन आला होता. ती काय बोलली ते इथे लिहिणार नाही. आता तो वर्गात आहे, शेषशायीपर्यंत पोचला आहे, अजून तोंड पाण्यात घालताना त्याचे हात थरथरतात.

डीएलआरजीच्या मोजणीप्रमाणे २०२४ मध्ये जर्मनीत किमान ४११ माणसं बुडून मेली. बहुतेक मृत्यू समुद्रात नाही, नद्या आणि तळ्यांत, जिथे पाहऱ्याला कोणी नसतं. आपण तर ऱ्हाइनच्या काठी राहतो. ही नदी वरून संथ दिसते. पण दगडी बांधांच्या टोकाशी भोवरे असतात, आणि मालवाहू जहाज जाताना काठचं पाणी आधी आत ओढलं जातं आणि मग लाटेने परत येतं. घोट्याएवढ्या पाण्यात खेळणारं मूल त्यात जाऊ शकतं. ड्युसेलडॉर्फने गेल्या वर्षी, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, आपल्या हद्दीत ऱ्हाइनमध्ये पोहायला सरळ बंदीच केली. आपल्या मंडळाची उन्हाळी सहल मात्र दर वर्षी नदीकाठच्या वाळूवर असते. तिथे पोहता येणारी मोठी माणसं किती असतात, हे मी २०२२ च्या सहलीत मोजलं होतं. साठांत सहा.

आता तिसरं कारण, संस्कृतीचं. मला सगळ्यात जास्त याचंच वाईट वाटलं.

पोहणं ही जर्मनांची संस्कृती, आपली वेगळी, असं एका सदस्यांनी बोलताना म्हटल्याचं कानावर आलं. जर्मन लोकही पोहत जन्माला येत नाहीत. २८ जुलै १९१२ ला ऱ्यूगन बेटावर बिन्झ गावचा लाकडी धक्का मोडला. आगबोट लागत होती, माणसं दाटीने उभी होती, शंभरच्या आसपास समुद्रात पडली. सोळा बुडाली, त्यात लहान मुलंही होती. त्या काळी जर्मनीत शंभरातल्या दोन-तीन माणसांनाच पोहता यायचं, असं सांगतात. त्या अपघातातून पुढच्या वर्षी, १९ ऑक्टोबर १९१३ ला, लाइपझिगमध्ये डीएलआरजी स्थापन झाली, आणि मग शाळाशाळांतून, तलावातलावांतून ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या शिकत गेली. त्यांनी हे कष्टाने कमावलं आहे. आणि हातचं सुटूही शकतं: २०१७ मध्ये सहा ते दहा वयाची दहा टक्के मुलं पोहू शकत नव्हती, कोविडमध्ये तलाव बंद राहिल्यावर २०२२ च्या पाहणीत ती वीस टक्के झाली. शिकणं थांबलं की पाच वर्षांत इतकं मागे जाता येतं.

आणि आपली संस्कृती म्हणजे काय फक्त सभागृहात बसून ऐकायची? माझ्या मुलाने शनिवारी ज्या काकूंच्या तोंडून ओव्या ऐकल्या, त्या केस पुसता पुसता ऐकल्या. ‘डबा बांधणे’ हा शब्दप्रयोग त्याला त्या तलावाशी कळला, कारण तिथे सात जणांनी आपापल्या गावची विहीर सांगितली. कोणाच्या विहिरीला मोट होती, कोणाच्या विहिरीत कासव सोडलेलं. मंडळाच्या मराठी शाळेत मी स्वतः शिकवते, तिचं मोल मला माहीत आहे. तरी सांगते, इतकं सलग मराठी मी त्या शाळेत मुलांच्या तोंडून ऐकलेलं नाही.

भटकंतीबद्दल थोडंच. तिला पैसा लागत नाही. इथल्या वनकायद्याचं कलम १४ म्हणतं की जंगलात विरंगुळ्यासाठी कोणीही जावं, स्वतःच्या जबाबदारीवर. म्हणजे जंगलातल्या नेहमीच्या धोक्यांची जबाबदारी ज्याची त्याची असते. जाण्या-येण्याला बहुतेकांकडे महिन्याचं देशव्यापी तिकीट असतंच. जानेवारीपासून त्याचे ६३ युरो पडतात, ते कामावर जायला भरलेलेच असतात, मग रविवारी त्यावर जंगल गाठायचं. डब्यात दशम्या आणि चटणी. नवीन आलेली, घरात एकटी असलेली, नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बाई या भटकंतीत पहिल्यांदा कोणाशी तरी तीन तास बोलते. मी बोलले होते. त्या वेळी ज्या ताई माझ्यासोबत चालल्या, त्या आज तुमच्या कार्यकारिणीत आहेत, आणि त्यांनी या निर्णयावर सही केली आहे. ताई, तुम्ही मला त्या दिवशी बीचचं झाड ओळखायला शिकवलंत. तुमच्याशी भांडण नाही. पण तुम्ही बैठकीत काही बोललात का, हे मला जाणून घ्यायचं आहे.

आणखी एक तक्रार पद्धतीची. चार वर्षं चाललेला उपक्रम बंद करायचा आणि तो चालवणाऱ्यांपैकी एकालाही विचारायचं नाही, हे बरं नाही. शिक्षिकाबाईंना तर ही बातमी माझ्याकडून कळली. मराठी येत नसल्याने तुमची ईमेल त्यांना वाचताही आली नसती. त्या म्हणाल्या, मी काही चुकले का? मला उत्तर सुचलं नाही. त्यांना मंडळाने लेखी, जर्मनमध्ये, काय ते नीट कळवावं.

आता मागण्या. फार नाहीत.

शनिवारचा वर्ग सप्टेंबरपासून पूर्वीच्याच वेळेला चालू ठेवा. तलावाची पुढच्या वर्षाची वेळ नगरपालिकेला ३० जूनपर्यंत कळवावी लागते. ती एकदा हातची गेली तर दुसरी संस्था घेईल आणि आपल्याला पुन्हा मिळायला वर्षं जातील. त्यामुळे बाकी काही ठरो न ठरो, हा एक अर्ज आधी भरा.

दर दोन महिन्यांनी एक शनिवार फक्त बायकांसाठी ठेवा. यादीतल्या एकोणीस जणांत अकरा बायका आहेत आणि त्यातल्या पाच जणी त्याशिवाय येणार नाहीत, असं त्यांनी मला सांगितलं आहे.

नवीन सभासदांना तुम्ही जी माहितीपुस्तिका देता, त्यात नोंदणी कशी करायची, बँक, विमा, कचऱ्याचे रंगीत डबे, हिंग कुठे मिळतो, सगळं आहे. त्यात एक पान पाण्याचं घाला, मराठीत. लाल-पिवळा झेंडा म्हणजे जीवरक्षक हजर आहेत. त्याच्यासोबत पिवळा झेंडा असला तर पोहता न येणाऱ्यांनी आणि मुलांनी आत जायचं नाही. नुसता लाल झेंडा म्हणजे कोणीच पाण्यात उतरायचं नाही. खाणीच्या तळ्यात पाहरा नसेल तर उतरू नये. कोणी बुडताना दिसलं आणि आपल्याला पोहता येत नसेल तर मागे उडी टाकायची नाही, ११२ ला फोन करायचा, तरंगणारं काहीतरी फेकायचं आणि ओरडून माणसं गोळा करायची. ‘लेबेन्सगेफार’ या शब्दाचा अर्थ मोठ्या अक्षरात. हे पान मी लिहून तयार ठेवलं आहे. उद्या मागा, उद्या देते.

रविवारची भटकंती मंडळाच्या नावानेच राहू द्या. तारखा ठरवायला आणि माणसं गोळा करायला आम्ही चार जणी तयार आहोत. तुम्ही फक्त मंडळाच्या यादीवर निरोप पाठवायचा.

आणि या विषयावर जुलैच्या आत सभासदांची सभा बोलवा. आपलं मंडळ नोंदणीकृत संस्था आहे. दिवाणी संहितेच्या कलम ३७ प्रमाणे, संस्थेच्या घटनेत वेगळा आकडा नसेल तर एक दशांश सभासदांनी कारण देऊन लेखी मागणी केली की सभा बोलवावीच लागते. आपल्या मंडळाच्या घटनेत वेगळा आकडा नाही, मी पाहिलं. आपण २८० सभासद आहोत, म्हणजे अठ्ठावीस सह्या. आज सकाळपर्यंत माझ्याकडे एकवीस आहेत. तुम्ही स्वतःहून सभा बोलावलीत तर उरलेल्या सात मी गोळा करणार नाही, आणि मला तेच जास्त आवडेल. आपण एकाच पंगतीला बसणारी माणसं आहोत.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधीचे पाच शनिवार अजून बाकी आहेत. तुमच्यातल्या कोणीही, ज्यांना पोहता येत नाही त्यांनी तर नक्कीच, एकदा येऊन पाहावं. शाळेच्या मागच्या दाराने आत यायचं, बूट बाहेर काढायचे, टॉवेल घरून आणायचा. काकू आता पुण्याला परत गेल्या आहेत, पण मागच्या आठवड्यात त्यांनी तिथल्या तलावावरून फोटो पाठवला आहे, शेषशायी. तो मी सभेला घेऊन येईन. तलावाच्या दाराची एक किल्ली सचिवताईंकडे आहे. ती मला शुक्रवारपर्यंत मिळावी, म्हणजे शनिवारी सहा वाजता दार वेळेवर उघडेल.

आपली नम्र,
मंडळाची २०१८ पासूनची सभासद, मराठी शाळेतली एक शिक्षिका